दूध संघाची रेशन बॅलन्सिंग सेवा: सात महिने वापरल्यावर

आमच्या गोठ्यात पेंड मोजायला बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. मी कळता झाल्यापासून तोच, आणि तो एक किलोचा आहे हे घरात सगळ्यांना पाठ. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे गायीला चार किलो गोळी पेंड. रेशन बॅलन्सिंगवाल्या (म्हणजे जनावराचा रोजचा आहार मोजून बसवून देणाऱ्या) वहिनी पहिल्या दिवशी आल्या, पिशवीतून ताणकाटा काढला, डबा भरून पिशवीत ओतला आणि काट्याला लटकवला, तर दीड किलो. आई म्हणाली काटा बिघडलाय. परत केलं, परत दीड. म्हणजे आम्ही इतकी वर्षं सहा किलो घालत होतो आणि वर "चारच तर घालतो, एवढ्यात कसलं दूध वाढणार" म्हणत पेंडवाल्याला शिव्या देत होतो.

मला ही सेवा तिथंच पटली, पुढचं सगळं नंतर.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, की हे काही पोत्यात मिळणारं प्रॉडक्ट नाहीये. गावातलाच एक शिकवलेला माणूस (आमच्याकडे बाई आहेत, भावकीतल्याच, म्हणून वहिनी) घरी येतो, जनावर मोजतो, तुमच्याकडे चारा काय काय आहे ते विचारतो, दूध किती फॅट किती गाभण आहे का ते लिहून घेतो आणि सॉफ्टवेअरमध्ये घालून सांगतो की आहे त्या चाऱ्यात सगळ्यात कमी खर्चात या जनावराचं पोट कसं नीट भरेल. मूळ काम आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं, म्हणजे एनडीडीबीचं. २०१२ ते २०१९ राष्ट्रीय डेअरी योजनेचा पहिला टप्पा चालला त्यात हे मोठ्या प्रमाणावर झालं, २५ लाखांवर जनावरं त्यात आली होती. योजना संपली तरी काही संघांनी आपापल्या परीनं चालू ठेवलंय, आमचा त्यातलाच. संघाचं नाव मुद्दाम घेत नाही कारण पुढं थोड्या तक्रारी पण आहेत आणि मला दूध तिथंच घालायचंय.

पहिली भेट तासाभराची. गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो तो नंबर आधी टाकतात. मग टेप. छातीचा घेर ७० इंच, खांद्यापासून मागच्या हाडापर्यंत लांबी ५४ इंच. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन येतं, आमची आली साधारण ४००. मी इकडं अंदाजानं पाचशे धरून बसलो होतो. टेप लावताना गाय अंग काढत होती तर वहिनी आईला म्हणाल्या, "काकू, तुम्ही तिच्या मानेखाली खाजवा, मी तोवर घेर घेते," आणि खरंच थांबली की. हे कुठल्या ट्रेनिंगात शिकवत नसतील.

मग चारा. आमचा उसाचा पट्टा, त्यामुळं सिझनला वाडंच वाडं (उसाचे हिरवे शेंडे). आई सांगायची "एक भारा", वहिनी म्हणायच्या "भारा नको, किलो सांगा", शेवटी भाराही लटकवला, साडेबारा किलो निघाला. दिवसाला दोन, म्हणजे पंचवीस किलो वाडं, दीड-दोन किलो कडबा आणि वर ती सहा किलो पेंड. दूध ११ लिटर. मिनरल मिक्श्चर (पेंडीत कालवायची खनिजांची भुकटी) शून्य. मीठ "कधी कधी".

निकाल काय आला ते मला अजून गंमत वाटते सांगायला. एकाच दावणीला बांधलेली दोन जनावरं, त्यातली गाय गरजेपेक्षा जास्त खात होती आणि म्हैस अर्धपोटी होती. गायीला पेंड जास्त होत होती, कॅल्शियम-फॉस्फरस मात्र कमी (वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून नुसत्या वाड्यावर असलेल्या जनावरांचे हे नेहमीचेच हाल). म्हशीला दिवसाला एकच डबा कारण आईचं म्हणणं, "म्हशीला काय, काहीही खाते ती." काहीही खाते हे खरंय, पण काहीही खाऊन ती पाचच लिटर देत होती त्याचं काय.

नवीन रेशन असं: गायीला पेंड ६ वरून ४ किलो, वाडं निम्मं करून १२-१५ किलो, त्याजागी मेथीघास १० किलो, कडबा अडीच किलो पण कुट्टी म्हणजे बारीक तुकडे करून, मिनरल मिक्श्चर १०० ग्रॅम. म्हशीला एक किलो पेंड वाढवली, थोडा मेथीघास आणि मिनरल. मेथीघास दोन गुंठ्यांत आधीपासून होताच, तो आम्ही शेळीला घालत होतो, आता बोला.

आणि एक गोष्ट वहिनींनी तीनदा सांगितली, बदल एकदम करायचा नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू. गायीचं जे मोठं पोट असतं, कोटीपोट, त्यात चारा गाय पचवत नाही, आतले जंतू पचवतात, आणि त्यांना नवीन चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. मी शहाणपणा करून म्हशीची पेंड तिसऱ्या दिवशीच पूर्ण वाढवली, एक दिवस रवंथ मंदावलं आणि शेण पातळ झालं, ती चूक माझी.

पहिले दोन आठवडे काहीच फरक नाही. उलट पेंड कमी केली म्हणून आई रोज धार काढून झाल्यावर कासंडी माझ्यासमोर धरायची, न बोलता. पाचव्या-सहाव्या आठवड्यात गाय ११ वरून ११.८ वर स्थिर झाली, फॅट ३.५ चं ३.८. म्हैस ५ वरून ६ लिटर. गायीच्या पेंडीचे दिवसाला ६४ रुपये वाचतात, त्यातून मिनरलचे दहाएक आणि मेथीघासाच्या पाण्याचे-खुरपणीचे थोडे काढले तर ४५ च्या आसपास हातात राहतात, दूध वाढलं ते वेगळं. म्हशीच्या पेंडीचा खर्च ३२ रुपयांनी वाढला पण एक लिटर म्हशीच्या दुधाचा भाव तुम्हाला माहीतच आहे. मी कुणाला दूध दुप्पट होईल असं सांगणार नाही, असं सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो. हे कमी खर्चात तेवढंच किंवा थोडं जास्त दूध, असं आहे.

मिनरल मिक्श्चरची वेगळी रामकहाणी. संघाचं संपलेलं होतं म्हणून तालुक्याच्या एका दुकानातून आणलं, चकचकीत पिशवी, त्यावर गायीचा फोटो असा की गाय नाही हिरोईन, आणि गायीनं त्याला तोंडच लावलं नाही. चाखून बघितलं (हो, मी चाखलं) तर नुसतं खारट, आणि पाण्यात टाकलं तर खाली खडूसारखा गाळ. पिशवीवर आयएसआयचा शिक्का नाही, घटकांची यादी नाही. मिनरल मिक्श्चरला आयएस १६६४ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात मीठवालं आणि बिनमिठाचं असे दोन प्रकार येतात, ते वाचून घ्या आणि शिक्का बघूनच घ्या. दुकानदार परत घेईना, ती पिशवी अजून माळ्यावर पडलीय. पुढच्या महिन्यात संघाचं आलं, ते पेंडीत कालवून दिलं तर मुकाट्यानं खाल्लं.

आता ज्याच्यासाठी मी मुळात हे लिहायला घेतलं ते. वहिनींच्या ट्रेनिंगच्या पत्रकावर एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं की संतुलित आहारानं मिथेन कमी होतो. त्यावर गोठ्यात कुणी काही बोललं नाही. मला मात्र ते डोक्यात बसलं, कारण शहरातल्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी टाकतंच की गायींमुळं पृथ्वी तापतेय, आणि मग इकडचे लोक चिडून म्हणतात की तुमच्या एसीचं काय. दोन्ही बाजूंना गाय नेमकं काय करते ते फारसं माहीत नसतं.

तर तो गॅस मागून येत नाही, ९० टक्क्यांहून जास्त तोंडातून, ढेकरेतून येतो. कोटीपोटात जंतू चारा कुजवतात तेव्हा हायड्रोजन सुटतो, आणि आतलेच दुसरे काही सूक्ष्मजीव तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साईड घेऊन मिथेन बनवतात. चारा जितका जून, काडीचा, तितका हायड्रोजन जास्त सुटतो. दाणा, कोवळा चारा असेल तर पचनाचा रस्ता थोडा बदलतो आणि हायड्रोजन दुसरीकडं वापरला जातो. जनावर खातं त्यातली साधारण ६-७ टक्के ऊर्जा अशी ढेकरेतून उडून जाते. ते वाचलं तेव्हा मला पृथ्वीपेक्षा आधी पेंडीचं पोतं आठवलं, खोटं कशाला बोलू. पण हा वायू १०० वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साईडच्या २७-२८ पट तापवतो आणि २० वर्षांच्या हिशोबानं ८० पटींच्या आसपास, आणि हवेत टिकतो मात्र बारा वर्षांच्या आसपासच, म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसतो.

एनडीडीबीनं हे मोजलंय पण. गायीच्या पोटात एक छोटी नळी सोडतात, तीतून सल्फर हेक्साफ्लोराईड ठरलेल्या वेगानं झिरपत राहतो, गळ्यात एक डबी बांधतात ती नाकाजवळची हवा ओढून घेते, मग दोन वायूंच्या प्रमाणावरून मिथेन काढतात. त्यांचा आकडा दुधाच्या लिटरमागं १० ते १५ टक्के घट असा आहे.

माझ्याकडं नळी नाही, मी कागद-पेन घेतलं. हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीची जी मोजायची पद्धत आहे तिच्या हिशोबानं एक किलो कोरड्या चाऱ्यामागं साधारण २१.५ ग्रॅम मिथेन धरला. गाय आधी कोरड्या वजनात १३ किलो खात होती, म्हणजे दिवसाला २८० ग्रॅम, लिटरला २५ ग्रॅम. आता १२ किलो खाते, २५८ ग्रॅम, लिटरला २२ च्या आत. १४ टक्के कमी. हे बघून मला इतका आनंद झाला की मी आईला सांगायला गेलो, ती म्हणाली बरं, आणि मेथीघास कापून आण.

मग म्हशीचा हिशोब केला आणि आनंद थोडा उतरला. म्हैस आधी १० किलो खायची, आता ११ खाते कारण आता तिला मिळतं. २१५ चे २३७ ग्रॅम झाले. लिटरमागं ४३ चे ३९.५ झाले, पण एकूण गॅस वाढला! (चारा सुधारला की किलोमागचा आकडाही थोडा उतरतो, तो मी धरलेला नाही, तरी वाढच.) म्हणजे "मिथेन कमी होतो" हे वाक्य गायीला लागू आणि म्हशीला अर्धवट. या सेवेच्या पत्रकात "लिटरमागं" हा शब्द मोठ्या अक्षरात हवा, बाकी सगळं त्याच्यावर उभंय.

आणि तो शब्द आपल्याकडं महत्त्वाचा का, त्याचे आकडे बघा. त्याच समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत उत्तर अमेरिकेची दुभती गाय वर्षाला १२८ किलो मिथेन सोडते असं धरलंय, आणि भारतीय उपखंडातली ५८ किलो. वाचून कोणीही म्हणेल आपली बरी. पण पुढच्याच रकान्यात दूध आहे, तिकडं वर्षाला ८,४०० किलो आणि इकडं ९००. भागाकार करा, तिकडं किलोमागं १५ ग्रॅम, इकडं ६४. आपली गाय पापी आहे म्हणून नाही, तर तिला मिळतं त्यातलं बरंचसं नुसतं जिवंत राहण्यात खर्च होतं आणि दुधाला उरतं ते थोडं. २०१९ च्या पशुगणनेत देशात गायी-म्हशी मिळून ३० कोटींच्या वर आहेत. ग्लासगोला २०२१ मध्ये मिथेन कमी करायचा जागतिक करार झाला त्यावर भारतानं सही केली नाही, आणि दोन-तीन जनावरं असलेल्या माणसाच्या बाजूनं बघितलं तर मला ते चुकीचं वाटत नाही. जनावरं कमी करा असं बाहेरून सांगणं आणि आहे त्या जनावराला नीट खायला घाला असं सांगणं यात फरक आहे, दुसरं सांगायला ताणकाटा घेऊन दारात यावं लागतं.

आमच्या गोठ्यात तिसरी एक आहे, तिचं मी आतापर्यंत लिहिलं नाही. भाकड. दोनदा भरवली, दोनदा उलटली, गाभण राहिलीच नाही. सात किलो कोरडा चारा खायची, माझ्या कागदावर दिवसाला १५० ग्रॅम मिथेन, आणि भागायला लिटर शून्य. गोठ्यातला सगळ्यात वाईट आकडा तिचा. मी विकायचं म्हणलं, आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वहिनींनी तिलाही मिनरल चालू करायला लावलं, तिसऱ्या महिन्यात नीट माजावर आली, भरवली, आता चार महिन्यांची गाभण आहे. मिनरलनंच झालं असं छातीठोक नाही सांगणार, एका गायीवरून काही सिद्ध होत नाही, पण पेंड कमी करून वाचवलेल्या गॅसपेक्षा भाकड दिवस कमी झाल्यानं वाचलेला गॅस जास्त भरेल असं मला वाटायला लागलंय.

कुणी विचारेल मग ते औषध का नाही घालत ज्यानं थेट मिथेन बंद होतो. आहेत तशी. ३-एनओपी नावाचं एक रसायन आहे, चिमूटभर रोज चाऱ्यातून, दुभत्या गायींत ३० टक्क्यांच्या आसपास घट देतं, युरोपात २०२२ ला आणि अमेरिकेत २०२४ ला मान्यता मिळाली. लाल समुद्री शेवाळाच्या प्रयोगांत तर ८० टक्क्यांपर्यंतचे आकडे आलेत. बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेनं टॅनिन असलेल्या झाडपाल्यापासून हरित धारा नावाचं बनवलंय, १७ ते २० टक्के कमी करतं म्हणतात, आपल्या जनावरांसाठी त्यातल्या त्यात हेच जवळचं वाटतं. पण ३-एनओपीसारखी वस्तू रोज प्रत्येक घासात मिसळून जायला लागते, आणि ज्या गोठ्यात डबा एक किलोचा की दीड किलोचा हे तीस वर्षं माहीत नव्हतं तिथं चिमूट कोण मोजणार. शिवाय त्यानं शेतकऱ्याच्या खिशात काही पडलं नाही तर तो ते दुसऱ्या महिन्यात बंद करणार. रेशन बॅलन्सिंग चालतं कारण दहाव्या दिवसाच्या दुधाच्या बिलात थोडंफार दिसतं.

तक्रारी. मोठी एकच, सातत्य. पहिले तीन महिने वहिनी दर महिन्याला आल्या, मग दोन महिने कुणीच नाही. विचारलं तर कळलं की त्यांचं मानधन जनावरामागं ठरलेलं होतं, ते थकलं. संघाच्या ऑफिसात गेलो तर एकानं सांगितलं की एकदा रेशन काढून दिलंय ना, तेच घाला. अहो पण रेशन काय जन्माचं असतं का? वाडं संपतं, कडबा संपतो, गाय आटते, म्हैस गाभण जाते. नोव्हेंबरचा कागद मार्चमध्ये चालवला तर आपण परत डब्यावरच आलो. एवढा टॅब, एवढं सॉफ्टवेअर, बिल्ल्याचे बारा आकडे, आणि सगळं एका बाईच्या थकलेल्या मानधनावर अडकलेलं.

दुसरं छोटं. कागदावर छापून येतं "ग्रॅम", "किलो", आणि गोठ्यात पहाटे पाचला असतं अंधार आणि डबा. आईला वाचता येतं पण चष्म्याशिवाय नाही. शेवटी वहिनींनी आमच्या डब्यात नेलपॉलिशनं आतून लाल रेघ मारून दिली, एक किलोवर. ही आयडिया संघानं चोरावी अशी माझी फुकट सूचना आहे. प्रत्येक भेटीत डब्यावर रेघ, संपला विषय.

एनडीडीबीचं पशु पोषण म्हणून ॲप आहे, त्यात स्वतः बसून करता येतं, मी दोनदा केलंय. ज्याला फोन बरा जमतो त्यानं जरूर बघा. पण ॲप काही गायीच्या मानेखाली खाजवून टेप लावायला येत नाही, आणि आई माझं ऐकत नाही, वहिनींचं ऐकते.

पाचात किती द्यायचे तर सल्ल्याला साडेचार, संघाच्या पाठपुराव्याला दोन. ज्यांच्याकडं दोन ते दहा जनावरं आहेत आणि पेंडीचं पोतं विकत आणतात त्यांनी आजच डेअरीत विचारा, तुमच्या संघात ही सेवा आहे का. ज्यांची जनावरं दिवसभर रानात चरतात त्यांना फायदा कमी होईल, कारण तिथं काय किती खाल्लं ते कुणी मोजलेलं नसतं, त्यांनी निदान मिनरल आणि कुट्टी एवढं तरी करावं. आणि ज्यांच्याकडं नुसता भाताचा पेंढा आहे त्यांनी युरिया प्रक्रिया विचारून घ्या, १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा आणि २१ दिवस हवाबंद दाबून ठेवायचा, पण पहिल्यांदा माहितगार माणसाच्या समोरच करा, युरियाचं पाणी जनावर प्यायलं तर दगावतं.

मानधन गेल्या महिन्यात निघालं म्हणतात. वहिनी परवा आल्या होत्या, म्हशीचा घेर दोन इंचांनी वाढलाय. वाडं संपलंय आणि मेथीघास उन्हानं बसलाय, म्हणून आता मुरघासाची (हवाबंद मुरवून ठेवलेल्या हिरव्या चाऱ्याची) पिशवी फोडून नवीन हिशोब लावलाय, नेलपॉलिशची दुसरी रेघ आलीय, ही हिरवी, म्हशीची.